चिठ्ठी निःपक्ष, पण प्रतिनिधित्वाची हमी नाही



गृहनिर्माण संस्थांच्या निवडणुकीत गट पडतात, म्हणून व्यवस्थापक समिती चिठ्ठ्या टाकून निवडावी, असे अनेकांना वाटते. त्याला जोडून पुस्तीही येते: चिठ्ठी कोणाचे तोंड पाहत नाही, मग महिलांच्या राखीव जागा कशाला? मूळ सूचना विचार करण्याजोगी आहे. पुस्ती मात्र हिशेबात टिकत नाही.

समजा, संस्थेत 50 सभासद आहेत, त्यांत 10 महिला. घर बहुधा नवऱ्याच्या नावावर असते, तेव्हा हे प्रमाण अवास्तव नाही. समिती 10 जणांची धरू. वाट्याप्रमाणे तिच्यात दोन महिला हव्यात. महाराष्ट्राच्या सहकार कायद्यानेही महिलांसाठी दोन जागा राखल्या आहेत. म्हणजे इथे जादा काहीच दिलेले नाही.

समितीत नावांचा क्रम महत्त्वाचा नसतो, म्हणून इथे कॉम्बिनेशनचे सूत्र लागते. 50 जणांतून 10 जण 10,27,22,78,170 प्रकारे निवडता येतात. 40 पुरुषांतूनच दहाही जण निवडले जाण्याचे प्रकार 84,76,60,528, म्हणजे शंभरात सुमारे 8. दहांपैकी एक महिला आणि नऊ पुरुष, असे प्रकार 2,73,43,88,800, म्हणजे शंभरात सुमारे 27. दोन्ही मिळून 35. सोडत अगदी प्रामाणिक असली, तरी तीनातल्या एकाहून जास्त वेळा महिलांना त्यांचा वाटा मिळणार नाही.

काही जण प्रत्येक चिठ्ठी पुरुषाची निघण्याची शक्यता 80 टक्के धरून दहा वेळा गुणाकार करतात आणि महिला अजिबात नसण्याची शक्यता 11 टक्के सांगतात. ते चूक आहे. काढलेली चिठ्ठी डब्यात परत जात नाही, त्यामुळे दर चिठ्ठीगणिक उरलेल्यांचे प्रमाण बदलते.

‘सरासरी तर दोनच येते ना?’ असा प्रश्न येईल. येते, पण अनेक सोडती झाल्यावर. समितीची मुदत पाच वर्षांची. एका सोडतीत महिला वगळल्या गेल्या, तर पाणी, सुरक्षा आणि दुरुस्तीचे निर्णय पाच वर्षे त्यांच्याविना होणार. पुढच्या सोडतीतली भरपाई त्यांच्या काय कामाची?

म्हणून चिठ्ठ्याच टाकायच्या असतील, तर आधी फक्त महिलांच्या नावांतून दोन काढाव्यात आणि मग उरलेल्या 48 जणांतून आठ. चिठ्ठीचा निःपक्षपातीपणा तसाच राहील आणि दोन जागांचा प्रश्न नशिबावर सोडावा लागणार नाही. उपविधींत बदल सुचवणाऱ्यांनी एवढी दुरुस्ती तरी करावी.

– एक निवृत्त गणित शिक्षक, ठाणे