मापाचा कपडा, मापाचा किरण

शाळेचा गणवेश शिवायला टाकताना आपण शिंप्याला मुलाचे माप देतो. वडिलांच्या मापाचा सदरा पहिलीतल्या मुलाला चालेल, असे कोणी म्हणत नाही. पण त्याच मुलाला एक्स-रे किंवा सीटी स्कॅनसाठी नेले, की मापाचा विचार मनातही येत नाही. यंत्र मोठे, काम तज्ज्ञांचे, आपण काय विचारायचे, असे म्हणून आपण बाहेरच्या बाकावर बसून राहतो. आमचे स्पष्ट मत आहे, की मापाचा प्रश्न पालकांनी विचारलाच पाहिजे.

यामागचे शास्त्र आपल्या आठवी-नववीच्या मुलांनाही समजेल इतके सोपे आहे. तपासणीसाठी वापरले जाणारे क्ष-किरण शरीरात शिरले, की साधारण दर तीन-चार सेंटिमीटर जाडीला निम्मे होत जातात. २४ सेंटिमीटर जाडीच्या पोटातून जेवढे किरण पलीकडे पोचवायचे, तेवढेच १२ सेंटिमीटर जाडीच्या पोटातून पोचवायला सुरुवातीची मात्रा निम्मी नव्हे, तर ढोबळ हिशेबाने आठव्या हिश्शाहूनही कमी पुरते. म्हणजे मोठ्या माणसासाठी लावलेले यंत्र तसेच ठेवून लहान मुलाचा फोटो काढला, तर त्या मुलाला कारण नसताना कित्येक पट अधिक किरण मिळतात.

पूर्वी फिल्मवर फोटो निघत, तेव्हा ही चूक लपत नसे. किरण जास्त झाले की फिल्म काळी पडे. आता संगणकावर चित्र उमटते, आणि किरण जास्त झाले तरी संगणक ते सावरून घेतो. उलट चित्र अधिकच स्वच्छ दिसते! त्यामुळे मात्रा नकळत वाढत जाण्याचा धोका आहे. फोटो छान आला, एवढ्यावर समाधान मानणे म्हणूनच पुरेसे नाही.

सीटी स्कॅनची गोष्ट आणखी वेगळी. त्या यंत्राच्या पडद्यावर मात्रेचा जो आकडा दिसतो, तो रुग्णाच्या शरीराचा नसतो. १६ किंवा ३२ सेंटिमीटर व्यासाच्या प्लास्टिकच्या गोल ठोकळ्यावरून तो ठरवलेला असतो. मोठ्या ठोकळ्याचा आकडा लहान मुलाला लावला, तर मुलाच्या शरीरात प्रत्यक्ष पोचलेली मात्रा दुपटीहून अधिक असू शकते. म्हणून २०११ साली अमेरिकेतील वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने शरीराच्या आकारानुसार हा आकडा दुरुस्त करण्याची रीत घालून दिली.

ही जाग एकाएकी आलेली नाही. २००१ साली अमेरिकेतील अभ्यासांतून दिसले, की मुलांचे सीटी स्कॅन करताना यंत्राची मांडणी पुष्कळदा मोठ्यांसारखीच ठेवली जाते. त्यातून २००८ साली ‘इमेज जेंटली’ ही मोहीम उभी राहिली. २०२३ साली युरोपातील नऊ देशांच्या सुमारे साडेनऊ लाख मुलांचा व तरुणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आजच्या मात्रेने एक सीटी स्कॅन झालेल्या दर १०,००० मुलांमागे पुढील बारा वर्षांत एक ते दोघांना त्या किरणांमुळे रक्ताचा कर्करोग होऊ शकतो, असा त्याचा अंदाज आहे.

हे वाचून कोणी घाबरू नये. छातीच्या साध्या एक्स-रेची मात्रा निसर्गातून आपल्याला काही दिवसांत मिळणाऱ्या किरणांएवढीच असते. पोटाच्या सीटीची मात्र काही वर्षांच्या नैसर्गिक किरणांएवढी भरते. तरीही डोक्याला गंभीर मार लागला असेल आणि डॉक्टर सीटी सांगत असतील, तर तो टाळणे हाच खरा धोका. भीतीपोटी तपासणी नाकारणे आणि टेंगूळ आले म्हणून आपणच सीटीचा हट्ट धरणे, दोन्ही सारखेच चूक.

मापाचा नियम मोठ्यांनाही लागू आहे. स्थूल व्यक्तीला मात्रा कमी पडली, तर चित्र दाणेदार येते, फोटो पुन्हा काढावा लागतो आणि किरण दोनदा सोसावे लागतात. कमीत कमी म्हणजे योग्य असे नव्हे. कामापुरते म्हणजे योग्य.

आपल्या देशात या यंत्रांवर अणुऊर्जा नियामक मंडळाची देखरेख असते व यंत्र चालवण्यास त्याची परवानगी लागते. पण कागदावर परवानगी असली, तरी समोरच्या मुलाप्रमाणे मांडणी बदलण्याचे काम त्या खोलीतला तंत्रज्ञच करतो. त्याच्या बाहेर रांग लागलेली असते, हे आम्ही जाणतो. म्हणूनच पालकांनी सौजन्याने तीन गोष्टी विचाराव्यात. ही तपासणी आत्ता गरजेची आहे का? सोनोग्राफीने काम भागेल का? आणि यंत्र मुलाच्या मापाप्रमाणे लावले आहे ना? चांगल्या तंत्रज्ञाला या प्रश्नांचा राग येणार नाही. मुलाचे वय व वजन आपणहून सांगावे, आणि फोटोच्या वेळी त्याला स्थिर राहायला शिकवावे, म्हणजे पुन्हा काढण्याची वेळ येणार नाही.

शाळेलाही आमची एक सूचना आहे. दरवर्षी मुलांची उंची आणि वजन नोंदवले जाते. त्याच आरोग्यपत्रिकेत एक रकाना वाढवावा: एक्स-रे किंवा सीटी कोणत्या तारखेला, कोणत्या भागाचा झाला. जुने फोटो पालकांनी जपून ठेवावेत. डॉक्टर बदलला, गाव बदलले, तरी ही नोंद मुलाबरोबर जाईल आणि झालेलीच तपासणी पुन्हा करण्याची वेळ पुष्कळदा टळेल. खर्च फक्त एका रकान्याचा आहे. येत्या पालकसभेत हा विषय घ्यावा, अशी आमची विनंती आहे.