साप कोणता, हा प्रश्न नंतर

पावसाळा सुरू झाला की माझ्या मोबाईलवर सापांचे फोटो येऊ लागतात. "डॉक्टर, न्हाणीघरात निघाला, विषारी आहे का?" काही फोटो जिवंत सापाचे असतात, बरेचसे काठीने ठेचलेल्या सापाचे. डोकं चेचलेल्या सापावरून मी काय, मुरलेला सर्पमित्रही छातीठोकपणे सांगू शकणार नाही. आणि चावा झालेला असेल, तर उपचार सुरू करायला मला त्या फोटोची गरजही नसते.

याचं कारण सोपं आहे. आपल्याकडे माणसं दगावतात ती मुख्यतः चार सापांमुळे: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. सरकारी दवाखान्यात मिळणारी सर्पविषविरोधी लस या चारही विषांवर एकत्रच चालते. नागाची वेगळी आणि घोणसाची वेगळी अशी लस येत नाही. लस द्यायची की नाही, हे मी रुग्णाच्या शरीराकडे पाहून ठरवतो. पापण्या खाली येतात का, गिळता येतंय का, सूज वर चढतेय का, हिरड्यांतून किंवा लघवीतून रक्त जातंय का, हे बघतो. घोणस-फुरशाची शंका असेल तर थोडं रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत वीस मिनिटं न हलवता ठेवतो. ते गोठलं नाही, तर उत्तर मिळालं.

तरीही घरोघरी पहिला तास जातो तो साप शोधण्यात. एकदा बांधावर एकाला घोणस चावली. भावाने ती पकडून बरणीत भरून आणायचं ठरवलं आणि दवाखान्यात एकाऐवजी दोन रुग्ण आले. तेव्हा माझं स्पष्ट मत आहे: चावल्यावर साप ओळखत बसू नका, मारू नका, पकडू नका. लांबून सहज फोटो मिळाला तर ठीक, नाहीतर निघा.

ओळखण्यात आणखी एक धोका आहे, तो म्हणजे चुकीच्या ओळखीचा. पालींच्या मागे घरात येणारा कवड्या बिनविषारी असतो, पण मण्यारीसारखाच दिसतो. पुस्तकी खूण अशी की कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक असतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात, मण्यारीचे उलट. दिवसाउजेडी शांतपणे बघायला ही खूण छान आहे. पण रात्री दोन वाजता, टॉर्चच्या उजेडात, घाबरलेल्या माणसाने "कवड्याच आहे, झोप" असं म्हणावं, याची मला भीती वाटते.

कारण मण्यारीने मला एकदा चकवलं आहे. एमबीबीएस होऊन नुकताच एका ग्रामीण दवाखान्यात रुजू झालो होतो. पहाटे बारा वर्षांच्या मुलीला पोटात दुखतं, उलट्या होतात म्हणून आणलं. तपासलं, ॲसिडिटीचं इंजेक्शन दिलं आणि बाकावर बसवलं. अंगावर कुठे खूण नव्हती, सूज नव्हती. तासाभराने तिची आजी म्हणाली, "साहेब, पोरीचे डोळे उघडंनात. रात्रभर जागलीय म्हणून असंल." मी पाहिलं तर पापण्या अर्ध्यावर आल्या होत्या आणि तोंडातली लाळ तिला गिळता येत नव्हती. तेव्हा विचारलं, "झोपली कुठे होती?" जमिनीवर, चटईवर.

लस सुरू केली आणि श्वासाची पिशवी हाताने दाबत तिला जिल्ह्याच्या रुग्णालयात नेलं. चार दिवस व्हेंटिलेटरवर होती. चालत घरी गेली. पण तो बाकावरचा एक तास माझ्या मनातून गेलेला नाही.

मण्यारीचे दात बारीक असतात. झोपेतला चावा कळतही नाही, दुखत नाही. विष मज्जातंतूंचा स्नायूंना जाणारा निरोप अडवतं, म्हणून आधी पापण्या, मग घसा आणि शेवटी श्वासाचे स्नायू बंद पडतात. रुग्ण डोळे उघडत नाही, हात हलवत नाही, पण पुष्कळदा त्याला सगळं ऐकू येत असतं. त्याच्या उशाशी रडारड करू नका. एकदा बिघडलेले मज्जातंतू लस चटकन दुरुस्त करू शकत नाही, म्हणून लवकर येणं महत्त्वाचं. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखीने उठला आणि डोळे जड झाले, तर डॉक्टरांना "जमिनीवर झोपला होता" हे न विचारता सांगा. आम्ही विसरतो.

चावल्यावर काय करायचं? अंगठी, जोडवी, पैंजण, बांगड्या लगेच काढा. हात किंवा पाय लाकडी पट्टीने सैलसर बांधून स्थिर ठेवा. दोरीने आवळू नका, घोणसाच्या चाव्यात त्यामुळे पाय काळा पडलेला मी पाहिला आहे. चिरा नाही, चोखणं नाही, मांत्रिक तर नाहीच. रुग्णाला चालवू नका. 108 ला फोन करा. गाडी यायला उशीर असेल तर मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून न्या, पण जिथे लस आहे तिथेच न्या. ती कुठे ठेवलेली असते, हे आजच विचारून ठेवा. लसीचा डोस मुलाला आणि मोठ्याला सारखाच असतो, कारण सापाने सोडलेलं विष माणसाचं वजन बघत नाही.

घराभोवती फिनाईल किंवा कार्बोलिक ॲसिड शिंपडण्यावर माझा भरवसा नाही. कार्बोलिकने कातडी भाजलेली लहान मुलं मात्र येतात. साप येतो उंदरांमागे, उंदीर येतो धान्यामागे. पोती भिंतीपासून दूर आणि उंचावर ठेवा, सरपण घराला टेकवून रचू नका, मोरीच्या तोंडाला जाळी बसवा. धामण दिसली तर जाऊ द्या, ती तुमचेच उंदीर खाते. झोपायला खाट घ्या. खाट नसेल तर मच्छरदाणी लावून तिची कड अंथरुणाखाली चारही बाजूंनी नीट खोचा. डासांसाठी घेतलेली मच्छरदाणी मण्यारीलाही बाहेर ठेवते.

फोटो पाठवायचा असेल तर जरूर पाठवा. पण कुणाला चावला असेल, तर आधी गाडीत बसा आणि मग पाठवा.