निकाल लागला, पण तो कळंबोलीपर्यंत पोहोचला का?

'हायकोर्टाचा मोठा निर्णय' असं नोटिफिकेशन मोबाइलवर येतं. आपण मथळा वाचतो, फार तर ग्रुपवर फॉरवर्ड करतो आणि पुढे सरकतो. पण त्या निकालाने आपल्याला नेमका कोणता हक्क दिला, तो कुणाकडे मागायचा आणि किती दिवसांत मिळायला हवा, हे मथळ्यात मावत नाही. अलीकडच्या काही वर्षांतले तीन निकाल पाहू. एक भरपाईचा, एक अटकेचा आणि एक पोटगीचा. तिन्ही प्रकरणं महाराष्ट्रातली आहेत आणि कळंबोलीतल्या कुणालाही उद्या त्यांची गरज पडू शकते.

खड्ड्यामुळे जीव गेला तर?

१३ ऑक्टोबर २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. रेवती मोहिते-डेरे आणि न्या. संदेश पाटील यांच्या खंडपीठाने निकाल दिला. खड्डा किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर वारसांना ६ लाख रुपये, जखमींना दुखापतीनुसार ५० हजार ते अडीच लाख रुपये. दावा केल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत पैसे द्यायचे. महापालिका हद्दीत आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची समिती भरपाई ठरवणार. रस्ते सांभाळणाऱ्या इतर यंत्रणांसाठीही अशाच समित्या. हे प्रकरण सुरू झालं २०१३ मध्ये, न्या. गौतम पटेल यांनी खड्ड्यांबद्दल लिहिलेल्या पत्रावरून. म्हणजे पत्रापासून या आकड्यांपर्यंत यायला १२ वर्षं लागली.

आता कळंबोलीचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. सायन-पनवेल महामार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाचा, इथून सुरू होणारा मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग रस्ते विकास महामंडळाचा, वसाहत पनवेल महापालिकेत, पोलीस नवी मुंबईचे आणि जिल्हा रायगड. त्यामुळे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण अलिबागला. घरातला कमावता माणूस गेलेल्या कुटुंबाने अर्ज नेमका कुठल्या दारात द्यायचा? हक्क कागदावर आहे, पण दार सापडेपर्यंत दहावं-बारावं उरकलेलं असतं.

अटक केली, पण का केली?

दुसरा निकाल ६ नोव्हेंबर २०२५ चा, सर्वोच्च न्यायालयाचा. प्रकरण होतं वरळीतल्या जुलै २०२४ च्या 'हिट अँड रन'चं. तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई आणि न्या. ऑगस्टिन जॉर्ज मसीह यांच्या पीठाने सांगितलं की गुन्हा कुठलाही असो, अटकेची कारणं लेखी द्यायची आणि अटक झालेल्याला समजेल अशा भाषेत द्यायची. तिथल्या तिथे लेखी देणं शक्य नसेल तर आधी तोंडी सांगायची, पण दंडाधिकाऱ्यांसमोर उभं करण्याच्या किमान दोन तास आधी कागद हातात पडलाच पाहिजे. तसं झालं नाही तर अटक आणि कोठडी दोन्ही बेकायदा ठरतात.

स्टील मार्केटमध्ये पंजाब, उत्तर प्रदेश, कर्नाटकातून ट्रक घेऊन येणाऱ्या चालकांचा विचार करा. अपघातानंतर ताब्यात घेतलेल्या चालकाला मराठी कागदावर सही करायला लावली, म्हणजे त्याला कारण कळलं असं होत नाही. न्यायालयाच्या मते, न समजणाऱ्या भाषेतला कागद देणं म्हणजे राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ चं पालनच न करणं.

पोटगी कधीपासून?

तिसरा निकाल ४ नोव्हेंबर २०२० चा. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयात सुरू झालेलं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि तिथे देशभरासाठी नियम ठरले. पोटगी निकालाच्या तारखेपासून नव्हे, अर्ज केल्याच्या तारखेपासून द्यायची. पती-पत्नी दोघांनीही उत्पन्न, मालमत्ता आणि कर्जाचं प्रतिज्ञापत्र द्यायचं. अंतरिम पोटगीचा अर्ज, ही प्रतिज्ञापत्रं आल्यावर चार ते सहा महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न करायचा.

'केस चालेल तितकी वर्षं चालू दे, शेवटी बघू' असं म्हणणाऱ्याला हे उत्तर आहे, कारण जितका उशीर तितकी थकबाकी वाढते. पण माहेरी परतलेल्या बाईला हे माहीतच नसेल तर ती 'आधी समेटाचं बघू' म्हणत अर्ज लांबवते आणि तेवढ्या महिन्यांची पोटगी हातची जाते.

मग अडतं कुठे?

माझ्या मते भाषेत. तिन्ही मूळ निकाल इंग्रजीत आहेत. अनुच्छेद ३४८ नुसार उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाची भाषा इंग्रजी आहे. राजस्थान, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश आणि बिहारच्या उच्च न्यायालयांत हिंदी वापरायला परवानगी आहे; मुंबई उच्च न्यायालयात मराठीला ती नाही. महाराष्ट्रातल्या कनिष्ठ न्यायालयांची भाषा १९९८ पासून मराठी आहे. म्हणजे खालच्या कोर्टात पोहोचेपर्यंत माणूस मराठीत असतो आणि त्याचं नशीब बदलणारा नियम मात्र इंग्रजीत.

प्रयत्न सुरू नाहीत असं नाही. 'सुवास' हे भाषांतराचं सॉफ्टवेअर २०१९ मध्ये आलं, निवडक निकालांचे मराठी अनुवादही मिळतात. पण मी स्वतः इंजिनीअरिंग केलेला माणूस आहे, तरी सांगतो, शंभर पानी निकालाचं शंभर पानी मशीन-भाषांतर हा यावर उपाय नव्हे. ते वाचणार कोण?

अनुवादात चूक झाली तर अर्थाचा अनर्थ होईल, हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच अनुवादित प्रतीवर 'इंग्रजी प्रतच प्रमाण' अशी सूचना असते. ती असू द्या. मागणी वेगळी आणि छोटी आहे. जनतेला थेट हक्क देणाऱ्या प्रत्येक निकालासोबत न्यायालयानेच एक पानाचा मराठी सारांश द्यावा. त्यात फक्त चार गोष्टी हव्यात: काय मिळणार, कुणाला, कुठे अर्ज करायचा आणि मुदत किती. ते पान पोलीस ठाण्यात, प्रभाग कार्यालयात, सरकारी रुग्णालयात आणि महापालिकेच्या संकेतस्थळावर पहिल्याच पडद्यावर दिसलं पाहिजे. हे करायला ना घटनादुरुस्ती लागते, ना मोठा निधी.

तोपर्यंत काय करायचं?

खड्ड्यामुळे अपघात झाला तर जागेचा फोटो, पोलिसांची नोंद आणि दवाखान्याची कागदपत्रं जपून ठेवा. अटकेचं कारण तुमच्या भाषेत लेखी मागा. पोटगीचा अर्ज लांबवू नका. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, औद्योगिक कामगार आणि कोठडीतल्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समिती आहे आणि १५१०० हा हेल्पलाइन क्रमांकही.

अटकेचं कारण आरोपीला त्याच्या भाषेत सांगा, असं न्यायालयाने पोलिसांना बजावलं ते योग्यच झालं. आता हाच नियम न्यायालयांनी स्वतःच्या निकालांनाही लावावा.