माशांच्या वाट्याचं पाणी

मुलांनो, मे महिन्यात कोकणातली नदी पाहिलीय कधी? पावसाळ्यात काठ सोडून धावणारी नदी उन्हाळ्यात नुसते धोंडे दाखवते. पाणी उरतं ते मधल्या खोल डोहांत. आपल्याकडे त्यांना ‘कोंड’ म्हणतात. पुढचा पाऊस येईपर्यंत मासे या कोंडांच्याच आसऱ्याला! वाळवंटातल्या नदीची गत काही फार वेगळी नसते.

रोह्याची कुंडलिका मात्र उन्हाळ्यातही वाहते. ते कसं? घाटावर मुळशीचं धरण आहे. तिथलं पाणी एरवी मुळा, भीमा, कृष्णा असा प्रवास करून बंगालच्या उपसागराला गेलं असतं. पण १९२७ पासून ते मोठमोठ्या नळांतून सुमारे ५०० मीटर खाली भिऱ्याला उतरतं, वीज तयार करतं आणि कुंडलिकेत येतं. पुढे डोलवहालच्या बंधाऱ्यापासून कालव्यांत शिरून उन्हाळी भात पिकवतं. म्हणजे वीज बनू लागली की नदी फुगते, थांबली की ओसरते! तिकडे पेणच्या हेटवणे धरणाचं पाणी नवी मुंबईलाही जातं. वीज, शेती, कारखाने, शहरं... पाणी मागणारे पुष्कळ. या रांगेत मासा कुठे उभा राहणार?

आपल्या सह्याद्रीतला खडस मासा घ्या. यालाच महाशीर म्हणतात. मोठमोठे खवले, निळसर पर. त्याला अंडी घालायला स्वच्छ, वाहतं पाणी आणि तळाशी दगडगोटे लागतात. वाटेत धरण आलं की वरची जागा बंद.

महाड तालुक्यात काळ नदीवर वाळणकोंड आहे. काठी वरदायिनी देवीचं देऊळ. इथले मासे देवीचे, म्हणून कुणी गळ टाकत नाही. गावानं श्रद्धेनं राखलेलं हे अभयारण्यच! १९७० च्या दशकात टाटांच्या वीज कंपनीनं लोणावळ्याला खडसची अंडी उबवून पिल्लं वाढवायला सुरुवात केली. आज हा मासा जागतिक ‘धोक्यातल्या’ यादीतून बाहेर आला आहे. पण एक गंमत नव्हे, गंभीर गोष्ट ऐका. हीच पिल्लं दूर कावेरीत सोडली गेली, आणि तिथल्या मूळच्या कुबडवाल्या महाशीरची जागा त्यांनी बळकावली. तो बिचारा आता अतिसंकटात आहे. ज्याची नदी त्यालाच शोभते!

अमेरिकेत नेवाडाच्या वाळवंटात ‘डेव्हिल्स होल’ नावाचं पाण्यानं भरलेलं विवर आहे. तिथला जेमतेम इंचभर ‘पपफिश’ निसर्गात दुसरीकडे कुठेच सापडत नाही. शेजारच्या शेतीसाठी जमिनीखालचं पाणी उपसलं जाऊ लागलं. विवरातली पातळी उतरली आणि मासे अंडी घालतात तो उथळ खडक उघडा पडू लागला. भांडण थेट सर्वोच्च न्यायालयात! १९७६ मध्ये निकाल लागला : मासे जगतील एवढी पातळी राखूनच उपसा करा. २०१३ मध्ये मोजणीत फक्त ३५ मासे भरले, तरी ती जात अजून तग धरून आहे.

पाहिलंत? माशाला सगळं पाणी नको असतं. हवं असतं ते थोडंसं, पण वेळेवर आणि स्वच्छ.

आता तुमचं काम. आजी-आजोबांना किंवा मासे विकणाऱ्या मावशींना विचारा, पूर्वी आपल्या नदीत कोणकोणते मासे मिळायचे? नावं वहीत लिहा. जी आता दिसत नाहीत, त्यांच्यापुढे फुली मारा. मग आई-बाबांना घेऊन बसा आणि विचारा, कुणाच्या वाट्याचं पाणी कमी पडलं?