इंचाचा झाला सूत

जिंतूर तालुक्यातील एका भगिनीचे पत्र समोर आहे. त्यांचा थोरला मुलगा बारावी झाला. शेतात राबतो, कुचराई करीत नाही. पण सांजेला हातपाय धुतले की ओसरीवर कानस, करवतीचे तुटके पाते आणि जुन्या डब्याचा पत्रा घेऊन बसतो. मोबाईलवर पाहिलेल्या शर्यतीच्या मोटारीचे एकेक भाग, म्हणजे स्टिअरिंग, पुढचे नाक, चाक, तो इवल्या मापात करतो. परवा वडील चिडले आणि एक चाक चुलीत घालायला निघाले. हे वेड की विद्या, असे ताईंनी विचारले आहे.

ताई, चाक चुलीतून वाचले हे फार बरे झाले. कारण ह्या कामावर जगात काही घरे चालतात. इंग्लंडातील ब्रिस्टल येथे १९८५ साली अमाल्गम नावाची एक कार्यशाळा निघाली. आरंभी तेथले कारागीर इमारतींच्या लहान प्रतिकृती करीत. पुढे ते शर्यतीच्या मोटारींकडे वळले. सगळी मोटार ते खऱ्याच्या आठव्या हिश्शाने करतात, नुसते स्टिअरिंग चौथ्या हिश्शाने. मोटार बनविणाऱ्यांकडून मूळ नकाशे आणि रंगांची नोंद घेतात. राळेचे भाग साच्यातून काढतात, धातूचे बारीक भाग यंत्रावर कातून घेतात आणि मग हाताने घासून, रंगवून जोडतात. एका मोटारीमागे शेकडो तास जातात. हौशी संग्राहक अशा मोटारीला हजारो पौंड मोजतात. खरी मोटार परवडत नाही आणि परवडली तरी घरात मावत नाही. म्हणून तिचे स्टिअरिंग नाहीतर नाक तरी काचेच्या कपाटात ठेवायचे, अशी ही हौस आहे.

कोणी म्हणेल, पोळ्याच्या बाजारात लाकडी बैल थोडक्या पैशांत मिळतो, मग ह्यालाच एवढे मोल का? फरक आहे तो मापाचा. खेळणे नजरेच्या अंदाजाने होते. त्याचे चाक जरा जाड झाले तर पोर काही तक्रार करीत नाही. प्रतिकृतीत मात्र प्रत्येक भाग एकाच पटीने लहान व्हावा लागतो.

ही पट धरायची कशी? त्याचा सोपा हिशेब आपल्या गावच्या सुताराकडे पिढ्यान् पिढ्या आहे. त्याच्या मापात एका इंचाचे आठ सूत. तेव्हा आठव्या हिश्शाची प्रतिकृती करायची तर खऱ्या वस्तूचा एक इंच म्हणजे आपला एक सूत, एवढेच ध्यानात ठेवायचे. गाडीचे चाक ४८ इंच असेल तर प्रतिकृतीत ४८ सूत, म्हणजे ६ इंच. आरा २ इंच जाड असेल तर २ सूत. मात्र चूकही त्याच पटीने वाढते. प्रतिकृतीत अर्धा सूत हुकला, तर खऱ्या गाडीत अर्धा इंच हुकल्यासारखे दिसते.

दुसरी मेख लाकडाची. सगळे लहान करता येते, पण लाकडाची रेघ लहान होत नाही. बाभूळ खऱ्या चाकाला उत्तम, पण इवल्या चाकात तिचा पोत भरड दिसतो. तेथे हळदू किंवा काळा कुडा असे बारीक पोताचे लाकूड घ्यावे. कर्नाटकातील चन्नपटणची नावाजलेली खेळणी काळ्या कुड्याच्या लाकडाची होतात.

चिरंजीवांना एक सुचवितो. फॉर्म्युला वनची शर्यत आपल्या देशात २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे दिल्लीजवळ झाली, पुढे झाली नाही. त्या मोटारीला टेप लावायला मिळणे कठीण. शंकरपटाची हलकी गाडी मात्र आपल्या मुलखात मिळते. न्यायालयाच्या बंदीने २०१४ पासून हे पट थांबले होते. डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्याचा कायदा वैध ठरविला. शर्यतीचे वाहन ते हेच, आणि त्याचे माप घ्यायला कोणाची चिठ्ठी लागत नाही.

माप घेताना गावच्या वयस्क सुताराजवळ बसावे. लोखंडी धाव चाकापेक्षा किंचित लहान करतात, गोवऱ्यांच्या जाळात लाल करतात, फुगली की चाकावर चढवून पाणी ओततात. ती आकसते आणि सगळे आरे आवळून धरते. चार फुटी चाकाची धाव पाचशे अंश तापली तर घेरात पाऊण ते एक इंच वाढते. धाव किती लहान करायची, हे सुताराच्या हाताला कळते. ते कोठे लिहिलेले नसते. आता गाड्यांना रबरी टायर आले, असे हात थोडे उरले. ते आहेत तोवर त्यांची मापे वहीत उतरली, तर मुलाचा छंद गावाच्या उपयोगी पडेल.

आता व्यवहाराचे बोलू. ह्या धंद्याला गिऱ्हाईक थोडे आणि चोखंदळ. म्हणून त्यासाठी कर्ज काढू नये, शेत सोडू नये. एखाद्या कंपनीचे नाव किंवा चिन्ह परवान्याशिवाय लावून वस्तू विकू नये. जवळच्या आयटीआयमध्ये टर्नर किंवा यांत्रिक ड्राफ्ट्समन हा विषय असेल तर चौकशी करावी. नकाशा वाचता आला आणि लेथ चालवता आले, तर प्रतिकृती न खपली तरी पोट भरते. पुण्यास जाणे झाले तर कोथरूडला जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय दाखवावे. एका माणसाचा छंद कोठवर जातो, ते तेथे दिसते.

आणि ताई, मुलाच्या वडिलांना माझा एक निरोप सांगा. चाक चुलीत घालण्याआधी त्याला पट्टी लावून पाहा. माप जुळले तर ती विद्या समजा. न जुळले तर रागावू नका, पुन्हा करायला सांगा. विद्या अशीच येते.