ईदच्या दस्तरख्वानावर पाडव्याचा कट

ईदच्या दिवशी आमच्या घरी येणारे बरेचसे सहकारी शाकाहारी. शिरखुर्म्याची वाटी रिकामी करतात, गळाभेट घेतात आणि ‘सर, अजून दोन घरं करायचीत’ म्हणत पाच मिनिटांत उठतात. पूर्वीसारखी ये-जा राहिली नाही, अशी तक्रार आपण एकमेकांत करतो आणि कारण म्हणून काळाकडे, राजकारणाकडे बोट दाखवतो. ते खोटं नाही. पण माणूस बसावा असं वाटत असेल तर त्याच्यापुढे काय ठेवतो, हेही पाहायला हवं. आम्ही हॉटेलातून पनीरची भाजी मागवायचो. ‘तुमच्यासाठी वेगळं मागवलंय’ म्हटलं की पाहुणा आणखीच अवघडतो. भाजी मात्र संध्याकाळपर्यंत तशीच.

गेल्या वर्षी गुढीपाडवा ३० मार्चला होता, तोच एकोणतिसावा रोजा. दुपारी शेजारच्या काकूंनी हाक मारली, ‘‘सर, पुरणाचा कट भरपूर उरलाय. टाकून द्यायला जिवावर येतं.’’ भरलेलं पातेलं फ्रीजमध्ये ठेवलं. संध्याकाळी चाँद दिसला, मुबारकबादीचे फोन सुरू झाले आणि एका सहकाऱ्याने कळवलं, उद्या सहा जण जेवायलाच येतोय. त्यातले चार शाकाहारी. बाजारात ही गर्दी. घरात होता अर्धा दुधी, टोमॅटो, चिंच आणि तो कट.

हरभऱ्याची डाळ, दुधी, चिंच. म्हणजे दालचाच की! निजामी राजवटीतून आपल्या मराठवाड्यात रुजलेला हा पदार्थ. आमच्याकडे लग्नात खाना-दालचा हवाच. पण त्यात मटणाची हाडं असतात. अम्मीने लगेच हरकत घेतली, ‘‘हड्डी बगैर दालचा? वो तो आमटी हुई!’’

अम्मीचं बरोबर होतं. हाडांनी येणारा दाटपणा आणायचा कुठून? कटाच्या तळाशी शिजलेली डाळ बसली होती, ती घोटून घेतली. आणखी मूठभर डाळ शिजवून घातली. बिर्याणीसाठी तळलेल्या कांद्यातला थोडा आधीच बाजूला काढून कुस्करला. हळद तर आपल्या वसमतचीच. दुधी शिजल्यावर चिंचेचा कोळ, मग जिरं, लसूण, सुकी मिरची, कढीपत्त्याची फोडणी. याच फोडणीला आमच्या दखनीत ‘बगार’ म्हणतात, म्हणून सोबतच्या खड्या मसाल्याच्या भाताचं नाव बगारा. पातेलं, डाव, झारा सगळं वेगळं ठेवलं आणि पाहुण्यांना तसं सरळ सांगितलं. हे सांगण्यात कमीपणा कसला? ज्याला विचारायचा संकोच वाटतो, त्याला न विचारता कळलं की तो मोकळेपणाने जेवतो.

एक मात्र ठरवून केलं. दालचा कोपऱ्यातल्या टेबलावर नाही, दस्तरख्वानाच्या मधोमध ठेवला. बिर्याणी खाणाऱ्यांनीही तोच घेतला. मुलांनी तर बिर्याणी सोडून बगाऱ्यावर ओतून घेतला, आणि आमची बेगम, जी आदल्या रात्री माझ्या उद्योगाला हसत होती, तिला शेवटी पातेलं निपटून काढावं लागलं. सहकारी तासभर बसले. निघताना परीक्षेच्या पेपर तपासणीवरून नेहमीचा वादही झाला. आमच्या घरात तो पहिल्यांदाच.

एका जेवणाने गावातली सगळी अढी सुटते, इतका मी भाबडा नाही. त्या सहांपैकी एक जण शिरखुर्मा घेऊनच निघाला. त्याच्या घरी काय बोलणं झालं असेल याचा अंदाज मला आहे आणि त्याचा राग नाही. पण पाच जण जेवले. मला वाटतं, पनीरवर खर्च करण्यापेक्षा आपल्याच चुलीवरचं, सगळ्यांना चालणारं एक पातेलं प्रत्येक ईदच्या घरात असावं.

काकूंना मी वाटीभर दालचा पाठवला होता. ‘‘चिंच कमी पडली,’’ त्यांनी निरोप धाडला.

यंदा पाडवा १९ मार्चला आहे आणि ईद, चाँद दिसेल त्याप्रमाणे, एक-दोन दिवसांनी. कट जास्तीचा ठेवा, असं काकूंना आत्ताच सांगून ठेवलंय. त्या म्हणाल्या, ‘‘ठेवते. पण या वेळी चिंच मी येऊन घालणार.’’