यादीत नसलेली गोळी

उतारवयात त्वचा कोरडी व पातळ होते, किरकोळ धक्क्यानेही काळीनिळी पडते. हे खरे असल्यामुळेच घरातील वडीलधाऱ्यांच्या अंगावर उमटलेल्या प्रत्येक खुणेचा दोष आपण वयाच्या माथी मारतो. वाचकहो, तसे करण्यापूर्वी त्यांचा गोळ्यांचा डबा एकदा उघडून पाहावा. डॉक्टरांनी दिलेल्या औषधांशेजारी एखादी ‘ताकदीची’ गोळी बहुधा सापडतेच. तिला कोणी औषध मानत नाही, म्हणून ती डॉक्टरांच्या कानावरही जात नाही.

अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफरिन घेणाऱ्यांच्या बाबतीत हे मौन महागात पडू शकते. ई जीवनसत्त्वाची मोठी मात्रा किंवा गिंकोची कॅप्सूल यांची भर पडली, तर रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. मार न लागता हातापायांवर वारंवार जांभळे डाग उमटू लागले, दात घासताना हिरड्यांतून रक्त येऊ लागले, तर डॉक्टरांना त्वरित कळवावे.

अ जीवनसत्त्वाची गोष्ट निराळी. ते पाण्यात नव्हे, चरबीत विरघळते आणि अतिरेक झाल्यास यकृतात साठत जाते. मग ओठ फुटतात, त्वचा रुक्ष होऊन खाजते, केस गळतात; आणि केस गळतात म्हणून आपण आणखी एक गोळी सुरू करतो! सेलेनियमचेही तसेच. 2008 साली अमेरिकेत एका द्रवरूप पूरकात ते लेबलवरील प्रमाणाच्या सुमारे 200 पट निघाले. ते घेणाऱ्या अनेकांचे केस गळले, नखे विद्रूप झाली.

नायसिनच्या केवळ 30 ते 50 मिलिग्रॅम मात्रेनेही चेहरा व छाती लाल होऊन चुणचुणू शकते. हा दाह सहसा थोड्या वेळाने ओसरतो. मात्र रक्तदाबाची औषधे चालू असलेल्यांना चक्करही येऊ शकते. बीटा कॅरोटिनच्या अतिसेवनाने तळहात पिवळे पडतात, पण डोळ्यांचा पांढरा भाग पांढराच राहतो. तोही पिवळा दिसला, तर कावीळ समजून तपासणी करावी.

डॉक्टरांनी लिहून दिलेली कोणतीही गोळी परस्पर थांबवू नये. स्वतःहून घेतलेल्या पूरकांच्या बाटल्याच तपासणीला न्याव्यात, प्रत्येकीवर सुरू केल्याची तारीख लिहावी. पुरळासोबत ताप, तोंडात फोड, ओठांना सूज किंवा धाप दिसली, तर मात्र सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. बाटल्या सोबत असू द्याव्यात.